मोफत पीडीएफ जोडून देणाऱ्या साइटने केलेली फसवणूक – फाइल टाकण्याआधी वाचा

पीडीएफ एकत्र करून देण्याच्या नावाखाली माझ्या कार्डावरून परस्पर पैसे कापले गेले, आणि माझी कागदपत्रं कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन पडली. पैशांचं पुढेमागे निस्तरता येतं, कागदपत्रांचं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका अर्जासोबत सगळी कागदपत्रं एकाच पीडीएफमध्ये हवी होती. ओळखपत्र, गुणपत्रिका, बँकेचं स्टेटमेंट, सहीचं पान, सगळ्यांच्या वेगवेगळ्या फाइल, आणि मुदत त्याच रात्री संपणार. सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली साइट उघडली. तिच्या नावावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं, म्हणजे वरची जागा पैसे मोजून घेतलेली. पान स्वच्छ, ठळक अक्षरांत ‘मोफत’, लॉगिनची भानगड नाही. फाइल टाकल्या, क्रम लावला, ‘एकत्र करा’ दाबलं. एक पट्टी सावकाश भरत गेली, हिरवी खूण आली, ‘तुमची फाइल तयार आहे’. डाउनलोड दाबलं तेव्हा आधी ईमेल मागितला आणि मग कार्ड. सात दिवसांच्या ट्रायलसाठी अगदी किरकोळ रक्कम.

त्या रकमेच्या मोठ्या आकड्याखाली, पांढऱ्या पानावर फिकट राखाडी रंगात एक ओळ होती: ट्रायल संपल्यावर सदस्यत्व आपोआप सुरू राहील आणि दर चार आठवड्यांनी पूर्ण रक्कम आकारली जाईल. मोबाइलवर ही ओळ पैसे भरण्याच्या बटणाच्याही खाली जाते, स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नाही. शिवाय ‘दर चार आठवड्यांनी’ म्हणजे वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा. कार्डाच्या स्टेटमेंटवर साइटचं नाव नव्हतं, भलत्याच कंपनीचं होतं, त्यामुळे हे पैसे कशाचे तेच आधी उमगेना.

“लिहिलं होतं ना, मग फसवणूक कसली?” असं मला ऐकवणारेही भेटले. मला हे अजिबात पटत नाही. दारावर ‘मोफत’ लिहायचं, माणसाच्या फाइल आत घ्यायच्या, काम झालं असं दाखवायचं आणि हातात द्यायच्या क्षणी किंमत सांगायची, याला फसवणूकच म्हणतात. घाईत असलेला माणूस त्या टप्प्यावर मागे फिरत नाही, हे ओळखूनच ती पानं रचलेली असतात.

राग यायचं आणखी एक कारण आहे. पीडीएफ जोडणं हे मुळात फार हलकं काम आहे. पीडीएफच्या आत पानं, फॉन्ट, चित्रं असे क्रमांक दिलेले घटक असतात आणि ते कुठे आहेत हे सांगणारी एक सूची असते. जोडणारा प्रोग्राम घटकांना नवे क्रमांक देतो आणि नवी सूची लिहितो. वेगवेगळ्या वह्यांची पानं सोडवून एकाच दोऱ्यात शिवावीत, तसं. मजकुराला हात लागत नाही, त्यामुळे ‘उत्तम दर्जाची जोडणी फक्त सशुल्क योजनेत’ या म्हणण्याला काही अर्थ नाही. शिवाय पीडीएफ हे २००८ पासून खुलं आयएसओ मानक आहे, म्हणजे त्याची रचना सगळ्यांना उपलब्ध आहे; हे काम करणारे मोफत प्रोग्राम भरपूर आहेत, आणि ते ब्राउझरच्या आत, फाइल कुठेही न पाठवताही होऊ शकतं.

पैसे कापणं हा त्यातला सौम्य प्रकार म्हणायचा. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशाच मोफत फाइल कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता, आणि त्यात अनेक फाइल जोडून एक पीडीएफ बनवणारी साधनंही होती. सांगितलेलं काम ती साधनं करून देतात, पण परत मिळणाऱ्या फाइलमध्ये मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, असू शकतं आणि आपण टाकलेल्या फाइलमधून ओळख क्रमांक, बँकेची माहिती, पासवर्ड असं काहीही उचललं जाऊ शकतं. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग सहसा लपवतं, त्यामुळे ‘.पीडीएफ.ईएक्सई’ (.pdf.exe) अशी फाइल खरं तर प्रोग्राम असूनही नुसती पीडीएफ वाटते. जोडलेल्या फाइलऐवजी इन्स्टॉलर उतरला तर तो उघडू नका, लगेच डिलीट करा. आणि ॲड्रेस बारमधल्या कुलपावर विसंबू नका. ते फक्त सांगतं की वाटेत कुणी वाचत नाही; पलीकडे कोण बसलंय ते त्याला ठाऊक नसतं.

ब्राउझरमध्येच जोडायचं असेल तर एक चाचणी करा. साइट उघडा, मग इंटरनेट बंद करा आणि एखाद्या बिनमहत्त्वाच्या फाइलवर जोडणी करून बघा. जोडणी अडली तर फाइल बाहेर जात होती असं समजा. झाली, तर काम तुमच्याच मशीनवर होतंय. खरी कागदपत्रंही नेट बंद ठेवूनच जोडा आणि टॅब बंद केल्यावरच नेट सुरू करा. मॅकवर तर साइटची गरजच नाही, त्यातच असलेल्या प्रिव्ह्यू या ॲपमध्ये डाव्या पट्टीतली पानं एका फाइलमधून दुसरीत ओढली की झालं. इतर ठिकाणी ‘पीडीएफसॅम बेसिक’ हा मुक्त स्रोत प्रोग्राम आहे, तो मात्र त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या.

आणि कुणी आधीच अडकलं असेल तर नुसतं कार्ड बदलून थांबू नका. व्हिसा आणि मास्टरकार्डकडे नव्या कार्डाचा तपशील विक्रेत्याला आपोआप कळवणारी सेवा असते, त्यामुळे नव्या कार्डावरूनही वसुली चालू राहू शकते. साइटवर सदस्यत्व रद्द करा, त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, रद्द केल्याचा ईमेल जपा. बँकेला लेखी कळवून त्या विक्रेत्याला दिलेली ऑटो पेमेंटची परवानगी बंद करायला सांगा आणि कापलेल्या रकमेवर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, नोंदवा. त्याला मुदत असते, म्हणून स्टेटमेंट दिसल्या दिवशीच करा. माझ्या तक्रारीत ती राखाडी ओळ आणि वरचं ‘मोफत’ एकाच स्क्रीनशॉटमध्ये दाखवल्यावरच बँकेने दखल घेतली.