पीएचडीवाल्यांचं संशोधन, सर्वांसाठी: रविवार सकाळच्या कार्यक्रमाचा अनुभव

पुण्यात कोथरूडमधल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये पीएचडी करणारी मुलंमुली आपलं काम लोकांना समजावून सांगतात. प्रवेश मोफत, चहा मिळतो. खाली तक्रारीही आहेत, म्हणून आयोजकांचं नाव देत नाही.

मी गेले ते पाण्याच्या विषयासाठी. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या धायरी, किरकटवाडी, सिंहगड रस्ता पट्ट्यात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून पोटात जाऊ शकणारा जिवाणू सापडला. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये टँकर आणि बोअरचं पाणी हाच पहिला विषय असतो, आणि सेक्रेटरी म्हणून उत्तरं मला द्यावी लागतात.

भूजलावर काम करणारी मुलगी पहिल्यांदाच बोलत होती, पण काय बोलली! पुण्याखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. वर मुरूम, खाली कठीण खडक. त्या कठीण खडकात पाणी मावतं आणि वाहतं ते मुख्यतः भेगांमधून. "म्हणून काका, दोन बोअर शेजारी असले तरी एकाला पाणी लागतं आणि दुसरा कोरडा जातो," असं तिने समोरच्या आजोबांना सांगितलं. मग मुद्द्याचं बोलली. भेगांमधून पाणी भराभर जातं, वाळूतून जाताना जसं गाळलं जातं तसं इथे जात नाही. त्यामुळे विहिरीजवळ शोषखड्डा किंवा फुटकी ड्रेनेज लाइन असेल तर घाण थेट पाण्यात उतरू शकते, पावसाळ्यात तर जास्तच.

मग तिने टेबलावर दोन परीक्षानळ्या ठेवल्या. दोन्हींत ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. ग्रामपंचायतीत पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणारे लोक करतात तीच ओटी टेस्ट. एका नळीतलं पाणी पिवळं झालं, दुसरीतलं तसंच राहिलं. पिवळं म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहायला हवं. दिसायला दोन्ही पाणी सारखंच नितळ होतं. आमच्या टाकीवर ही टेस्ट कुणी कधी केलीच नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. आता आमचा वॉचमन रोज सकाळी करतो आणि वहीत लिहितो.

कुणीतरी विचारलं, "तुमच्या पीएचडीचा आम्हाला काय उपयोग?" ती अजिबात चिडली नाही. म्हणाली, "प्रबंधाने कुणाचं पाणी लगेच शुद्ध होणार नाही. पण कोणत्या विहिरी एकाच भेगेवर आहेत ते कळलं, तर एक बिघडली की बाकीच्यांना सावध करता येतं." इतकं सरळ उत्तर मी सरकारी बैठकीतही ऐकलेलं नाही. पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ज्युनिअर फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे. ते पैसे आपल्याच करातून जातात, तेव्हा असा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. आणि उत्तर द्यायची तयारी या मुलांची आहे, हे मला फार मोठं वाटलं.

बाकी दोघांबद्दल थोडक्यात. कांदाचाळीतल्या सडीवर बोलणारा मुलगा चांगला होता, शेतकऱ्यांचा मुलगा असल्याने त्याला शब्द शोधावे लागत नव्हते. तिसऱ्याने मात्र इंग्रजी स्लाइड वाचून दाखवल्या. विषय महत्त्वाचा असणार, पण मागच्या रांगेतल्या बायका उठून गेल्या. आयोजकांनी आधी एकदा तालीम घ्यायला हवी होती.

प्रश्नांना वेळ कमी पडला. माइक खरखरत होता, लिफ्ट बंद होती, गुडघेदुखीवाल्यांनी खात्री करूनच जावं. मुख्य म्हणजे जाताना हातात मराठीतला एक कागद हवा होता: पाणी कुठे तपासून मिळतं, काय मागायचं, किती खर्च येतो. हे मी आयोजकांना लिहूनही दिलंय.

पाचपैकी चार. पुढच्या वेळी विषय कचऱ्याचा आहे, सोसायटीच्या ग्रुपवर मी आत्ताच टाकलाय.