वर्गातले गायन: गुरूंमागून की गटाने मिळून?
विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि शास्त्रीय गायन वर्गात शिकण्याची वाट रुंदावली. गुरूंमागून सगळ्यांनी एकत्र गाण्याने स्वरस्थाने लवकर पक्की होतात; मात्र रागाचा विचार एकट्या गुरूंचाच राहतो. याउलट चार-पाच विद्यार्थी मिळून भूप रागाची बढत, म्हणजे टप्प्याटप्प्याने करायचा विस्तार, ठरवू लागले, की एकजण गंधारावर (ग) न्यास घेतो, म्हणजे तिथे विसावतो, दुसरा धैवतावर (ध) रेंगाळतो, तिसरा तिथे देशकार हा त्याच स्वरांचा दुसरा राग डोकावत असल्याचे दाखवून देतो, आणि मग सगळेच ती जागा पुन्हा गाऊन तपासतात. रागाची खरी समज इथेच येते, असे माझे ठाम मत आहे. यात वेळ फार जातो, बुजरी मुले मागेही पडतात. म्हणून पलटे (सरावाच्या स्वररचना) गुरूंमागूनच घोटावेत आणि बढतीसाठी गट छोटे ठेवावेत.