व्हिसा रद्द झाला: तिथेच दाद मागायची की गोव्याला परतायचं?

डिचोलीला बहिणीच्या घरी तो ईमेल आम्ही तीनदा वाचला. भाच्याचा मेलबर्नमधला विद्यार्थी व्हिसा रद्द झाला होता. आजारपणात वर्ग बुडाले, कॉलेजने नाव कमी केलं आणि व्हिसा खात्याची आधीची नोटीस स्पॅममध्ये पडून राहिली. बहीण एवढंच म्हणाली, "चवथीला घरी ये रे, मग बघू." मोपा विमानतळाचं तिकीटही तिने बघून ठेवलं होतं.

ते तिकीट काढलं असतं तर अपिलाचा रस्ता तिथेच बंद झाला असता. विद्यार्थी ऑस्ट्रेलियात असताना व्हिसा रद्द झाला, तर फेरविचाराचा अर्ज भरतानाही तो त्याच देशात असावा लागतो. अपील करून मग परतता येतं. परतून मग अपील करता येत नाही. आईबापांच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते "परत ये", आणि नेमकं तेच महागात पडतं.

अर्ज जातो अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय नव्याने तपासणाऱ्या न्यायाधिकरणाकडे. 14 ऑक्टोबर 2024 पासून जुन्या अपील ट्रिब्युनलची जागा त्याने घेतली. निर्णय कळल्यापासून 28 दिवस मिळतात, डिटेन्शनमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या कोठडीत असेल तर फक्त 7. ही मुदत ट्रिब्युनलही वाढवू शकत नाही. ईमेल पाठवला त्याच दिवशी, दिवसअखेर तो मिळाला असं कायदा धरतो, त्यामुळे स्पॅमची सबब चालत नाही. फी साधारण साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे दोन लाखांच्या आसपास. परिस्थिती हलाखीची असल्याचं दाखवलं तर ती निम्मी होऊ शकते, आणि निकाल आपल्या बाजूने लागला तर निम्मी परत मिळते.

एवढ्या पैशात मिळतं काय? प्रकरण पहिल्यापासून नव्याने तपासलं जातं. अट मोडली का, याबरोबर ती का मोडली आणि व्हिसा गेल्याने मुलावर काय ओढवेल, हेही बघतात. नवे पुरावे देता येतात. आम्ही डॉक्टरांचं तारखेसह पत्र, फी पाठवल्याच्या बँकेच्या पावत्या आणि कॉलेजला केलेले ईमेल तारखेवार लावले. "मला बरं नव्हतं" हे नुसतं लिहून भागत नाही. कुठल्या आठवड्यात बरं नव्हतं, ते कागदावर दिसावं लागतं.

अपिलाची खरी झळ बसते ती वाट बघण्यात. निकालाला महिनोन्‌महिने लागतात. तोवर कायदेशीर राहायला ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे मधल्या काळापुरता व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यावर कामाची परवानगी आपोआप मिळत नाही. खोलीचं भाडं मात्र दर आठवड्याला द्यावंच लागतं.

परतलं तर हा खर्च वाचतो, पोर घरचं जेवतं, आणि आजारी मुलासाठी ते फार मोलाचं आहे. पण रद्द होण्याच्या बऱ्याच कारणांत पुढची तीन वर्षं तात्पुरता व्हिसा मिळणं मुश्कील होतं. नव्या अर्जाची फी 1 जुलै 2025 पासून 2,000 डॉलर, शिवाय वर्षभराच्या राहणीसाठी 29,710 डॉलर दाखवायचे. आधीचा व्हिसा रद्द झाल्याचं लपवायचं नाही. खोटी माहिती सापडली तर त्याचीही वेगळी तीन वर्षांची बंदी येते. शैक्षणिक कर्ज काढलेलं असेल तर त्याचे हप्ते यासाठी थांबत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. कारण खरं असेल आणि त्याचे कागद असतील तर अपील करावं. विद्यार्थ्याला कामासाठी असलेली पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा महिनोन्‌महिने मोडली असेल आणि सांगण्यासारखं काहीच नसेल, तर कर्ज वाढवू नये, सन्मानाने घरी यावं.

सल्ला मात्र प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटाचा घेऊ नका. या कामाला ऑस्ट्रेलियातला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा तिथला वकील लागतो. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत स्वतः तपासा.

आणि व्हिसा अजून रद्द झाला नसेल, फक्त तशी नोटीसच आली असेल, तर आधी तिचंच उत्तर द्या. त्याला फी नाही आणि व्हिसा तिथेच वाचू शकतो. उत्तराला बहुतेकदा 5 कामाचे दिवसच असतात. मेलबर्न आपल्यापुढे साडेचार तास, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. शुक्रवारी आपली दुपारची जेवणं होईपर्यंत तिथली कार्यालयं बंद झालेली असतात.