निळ्या गुलाबाच्या बिया आणि वेळ काढणारा सल्ला

दुर्मीळ रोपांच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक सविस्तर लिहीत आहे, कारण तिच्यात खोट्या मालापेक्षा खऱ्या सल्ल्याचा वापर अधिक चलाखीने केलेला होता. बिघडलेले यंत्र घरी आणले तर ते त्याच दिवशी कळते. बी किंवा कलम यांच्याबाबतीत माल हाती पडणे आणि त्याचे खरे रूप समजणे यांत आठवडे, कधी महिने जातात. या मधल्या काळात रोप मेले, रुजले नाही किंवा भलतेच निघाले, तर दोष घेणाऱ्याच्या पाणी घालण्यावर, मातीवर आणि उन्हावर सहज ढकलता येतो. विक्रेत्याची सगळी बाजू या मधल्या काळावर उभी असते.

या विक्रेत्याशी माझी ओळख सल्ल्यातूनच झाली. घरातल्या मॉन्स्टेरा या शोभेच्या वेलीची पाने खालून पिवळी पडत होती, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून मी त्याला छायाचित्रे पाठवली. त्याने कुंडीच्या तळाला भोक आहे का, बोट खुपसले तर किती खोलवर ओल लागते, खोडाजवळची माती आंबूस वासाची आहे का, असे नेमके प्रश्न विचारले. मग मूळकुजीचे निदान करून कुजलेली मुळे कापायला आणि रोप भरड, निचरा होणाऱ्या मिश्रणात लावायला सांगितले. रोप सावरले. त्याने या सल्ल्याचे काही घेतले नाही, आणि मला आजही तो सल्ला अचूक वाटतो. हे मुद्दाम नोंदवते, कारण अशा फसवणुकीविषयी बोलताना लोक समोरचा माणूस अडाणी होता असे गृहीत धरतात. हा माणूस रोपांविषयी पुष्कळ जाणत होता आणि घेणाऱ्याला काय माहीत नसते हेही त्याला ठाऊक होते.

त्यानंतर त्याच्याकडून ‘फक्त ओळखीच्यांसाठी’ अशी एक यादी आली. तिच्यात निळ्या गुलाबाच्या बिया, पांढऱ्या ठिपक्यांच्या मॉन्स्टेराचे कलम आणि गुलाबी पानांचा फिलोडेंड्रॉन हे शोभेचे रोप होते. बिया आणि फिलोडेंड्रॉन मी खरेदीच्या ॲपवरून मागवले. कलमाचे पैसे मात्र त्याने ‘थेट भरल्यास सवलत’ म्हणून ॲपबाहेर मागितले.

निळ्या गुलाबाची गोष्ट आधी सांगते, कारण तिच्यातले खोटे वनस्पतिशास्त्राच्या साध्या माहितीने पकडता येते. अनेक निळ्या-जांभळ्या फुलांत डेल्फिनिडिन नावाच्या रंगद्रव्यापासून रंग येतो. ते तयार करण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) गुलाबात नसते. त्यामुळे शेकडो वर्षे संकर करूनही कोणाला निळा गुलाब मिळाला नाही. जपानची सनटोरी आणि ऑस्ट्रेलियातली फ्लोरिजीन या कंपन्यांनी पॅन्सीच्या फुलातले जनुक गुलाबात घालून असे रंगद्रव्य तयार करणारा गुलाब 2004 मध्ये जाहीर केला आणि 2009 पासून त्याची फुले जपानमध्ये विकायला आली. प्रयोगशाळेतल्या इतक्या खटाटोपानंतरही त्या फुलाचा रंग फिकट जांभळाच आहे. दुकानात दिसणारे गडद निळे गुलाब हे रंगाच्या पाण्यात देठ बुडवून किंवा वरून रंग देऊन तयार केलेले पांढरे गुलाब असतात, आणि तो रंग बियांत उतरत नाही. शिवाय बागेतल्या गुलाबाच्या जाती मुळातच संकरित असल्याने बियांपासून उगवलेले रोप आईबापासारखे निघत नाही. म्हणून तर गुलाबाची पैदास डोळा भरून किंवा छाट कलमाने करतात. म्हणजे ‘अमुक रंगाच्या गुलाबाच्या बिया, रंगाची हमी’ हे वाक्य निळ्याच काय, कोणत्याही रंगाच्या बाबतीत खोटे आहे.

बियांसोबत एक सुबक छापलेले माहितीपत्रक होते. बिया ओल्या कागदात गुंडाळून सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवाव्यात, मग सावलीत पेराव्यात, उगवायला आणखी काही आठवडे लागू शकतात, तोवर पाकीट व कुंडी हलवू नये, असे त्यात लिहिले होते. गुलाबाच्या बियांना रुजण्याआधी गारवा लागतो हे खरे आहे, जाणकार तेच सांगतात. पण ज्या ॲपवरून मी बिया मागवल्या होत्या, तिथे तक्रार करण्याची मुदत त्या सहा आठवड्यांपेक्षा बरीच कमी होती. पत्रकातला प्रत्येक शब्द पाळणाऱ्या माणसाची मुदत बिया फ्रीजमध्ये असतानाच संपावी, अशी ती आखणी होती. खरा सल्ला खोट्या मालाला इतका चपखल बसवलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

मला शंका आली ती बियांच्या आकारावरून. गुलाबाचे बी फिकट तपकिरी, कठीण, ओबडधोबड आणि कोनदार असते. या बिया गोल, गुळगुळीत, काळसर आणि मोहरीएवढ्या होत्या. म्हणून त्यांतल्या थोड्या मी फ्रीजमध्ये न ठेवता ओल्या कागदावर पसरल्या, आणि त्या आठवड्याच्या आत रुजल्या. पहिली दोन पाने मध्ये खाच असलेली, बदामाच्या आकाराची होती. पुढची पाने खरबरीत आणि कातरलेली आली, आणि काही आठवड्यांनी चार पाकळ्यांची पिवळी फुले फुलीच्या आकारात उमलली. चार पाकळ्या फुलीसारख्या असणे ही मोहरी-कोबीच्या कुळाची खूण आहे. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित बाईंनी ते पाहिले आणि त्या फक्त हसल्या.

मी विक्रेत्याला रोपांची छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याचे उत्तर असे होते: “ताई, तुमच्या मातीत आधीच तणाचे बी असणार. गुलाब अजून यायचा आहे, धीर धरा.” बिया मातीत नव्हे, कागदावर रुजवल्या होत्या, हे सांगितल्यावर दोन दिवस उत्तर आले नाही. नंतर आले ते, “फ्रीजमध्ये ठेवल्या नाहीत ना? मग हमी राहत नाही.” फ्रीजमध्ये न ठेवल्यामुळे गुलाबाची मोहरी होते, असा त्याचा अर्थ झाला, पण वाक्य इतक्या अधिकाराने लिहिलेले होते की नवख्या माणसाला स्वतःवरच शंका यावी.

मॉन्स्टेराच्या कलमाची चलाखी याहून बारीक होती. या वेलीच्या पांढऱ्या-हिरव्या पानांना मोठी मागणी आहे, आणि ‘अल्बो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारातला पांढरेपणा वाढीच्या टोकातल्या काही पेशींत हरितद्रव्य नसल्यामुळे येतो. हिरव्या आणि पांढऱ्या पेशींची ही सरमिसळ ज्या खोडात आहे, त्याच खोडाचा पेर असलेला तुकडा लावला तर ती पुढे चालते. बियांतून ती तशीच उतरत नाही. हिरव्या पेशींतून आलेले रोप हिरवे होते, आणि पूर्ण पांढरे निघाले तर बीतला साठा संपताच मरते. त्यामुळे ‘अल्बो मॉन्स्टेराच्या बिया’ म्हणून येणारी पाकिटे सरळ बाजूला ठेवावीत. मला बिया नव्हे, कलम मिळाले होते, आणि ते खरोखर त्याच वेलीचे होते. फक्त ते एक पान व त्याचा लांब देठ एवढेच होते. ज्या पेरावरून नवा कोंब फुटतो तो पेर त्याला नव्हता. देठाचे टोक ओल्या शेवाळात नीट गुंडाळलेले होते आणि ‘मुळे धरू लागली आहेत, शेवाळ उघडू नका’ अशी चिठ्ठी होती. पेराशिवायचे पान पाण्यात अनेक आठवडे टवटवीत राहू शकते, क्वचित मुळेही सोडते, पण त्याचे रोप कधीच होत नाही. होया या वेलीचे हृदयाच्या आकाराचे एकेकटे पान छोट्या कुंडीत खोचून विकतात, त्यातही बहुतेक वेळा हेच असते. ते पान वर्षानुवर्षे हिरवे राहते आणि घेणारा नव्या पानाची वाट पाहत राहतो. यादीतले कलमाचे छायाचित्र नंतर पुन्हा पाहिले, तर ते जिथे पेर दिसायला हवा त्याच्या वरच कापलेले होते.

गुलाबी फिलोडेंड्रॉनबद्दल थोडक्यात सांगते. ‘पिंक काँगो’ नावाने विकल्या जाणाऱ्या या रोपाचा रंग रोपवाटिकेतल्या रासायनिक उपचाराने आणलेला असतो. उपचाराचा परिणाम ओसरला की साधारण सहा ते बारा महिन्यांत नवी पाने हिरवी येऊ लागतात. ‘पिंक प्रिन्सेस’ ही जात वेगळी आहे. तिचा गुलाबी रंग रोपाचाच असतो आणि पानागणिक कमीजास्त होतो. मला पहिले रोप दुसऱ्याच्या नावाने दिले गेले. पाने हिरवी आली तेव्हा उत्तर ठरलेले होते: “प्रकाश कमी पडला.” यातही अर्धे सत्य आहे, कारण कमी उजेडात रंगीत पानांचा रंग फिका पडू शकतो, आणि त्या अर्ध्या सत्यामुळेच मी काही काळ कुंडी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत हलवत राहिले.

या विक्रेत्याबद्दलचे अभिप्राय मी आधी वाचले होते आणि ते बहुतेक चांगले होते. ते सगळे खोटे असतील असे मला वाटत नाही. लोक अभिप्राय माल हाती आल्यावर लगेच लिहितात, आणि त्या दिवशी पान ताजे असते, बांधणी उत्तम असते, पाकिटावर चित्र सुंदर असते. म्हणून रोपांबाबतचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे न पाहता, घेतल्यानंतर काही महिन्यांनी कोणी परत येऊन लिहिले आहे का, रोपाचे नवे पान दाखवले आहे का, एवढेच पाहावे. खोटे अभिप्रायही असतात, हे वेगळेच. 2020 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अनेकांना न मागवलेल्या बियांची पाकिटे टपालाने आली होती, तेव्हा खोट्या ऑर्डरी दाखवून स्वतःच अभिप्राय लिहिण्यासाठी ती पाठवली गेली असावीत, असे तिथल्या कृषी खात्याचे म्हणणे होते. तपासणीत त्यांत मोहरी, कोबी, पुदिना अशा साध्या बियाही सापडल्या. त्या पेरू नयेत आणि कचऱ्यात टाकू नयेत, असे खात्याने कळवले होते, कारण अनोळखी बियांतून कीड, रोग किंवा आक्रमक तण शिरू शकते. माझ्याकडच्या उरलेल्या बियाही मी कुठे फेकल्या नाहीत. पाकिटासह बंद करून पुरावा म्हणून ठेवल्या आहेत.

छायाचित्रांच्या बाबतीत एक साधी खूण उपयोगी पडते. फुलाचा रंग संगणकावर बदलताना पुष्कळदा देठावर, पानांच्या कडांवर किंवा मागच्या मातीवरही निळसर झाक उतरते. निळ्या व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी रोपाची किंवा इंद्रधनुषी रंगांच्या निवडुंगांची चित्रे मोठी करून पाहिली की हे दिसते. प्रत्यक्ष दुकानात निवडुंगांवर फवारलेला रंग आणि गोंदाने चिकटवलेली सुकी फुले आढळतात. फुलाच्या बुडाशी चमकणारा गोंदाचा थेंब असतो, आणि रंगाच्या थरामुळे रोपाला नीट प्रकाश मिळत नाही. लाल-पिवळा गोळा असलेला ‘मून कॅक्टस’ मात्र या रांगेत बसवू नये. तो हरितद्रव्य नसलेल्या निवडुंगाचे हिरव्या खुंटावर केलेले खरे कलम असतो. त्याचे आयुष्य बहुधा काही वर्षांचेच असते, आणि प्रामाणिक विक्रेता ते आधीच सांगतो.

आता मी कोणतेही वेगळे रोप घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून त्याचे शास्त्रीय नाव मागते, कलम असेल तर पेराचे आणि मुळांचे त्याच दिवशी काढलेले छायाचित्र मागते, आणि ज्या रोपाचे ते कलम आहे ते मूळ रोपही पाहायला मागते. परदेशातून येणारे रोप असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राबद्दल विचारते. ऑर्किड आणि निवडुंग यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1975 पासून लागू असलेल्या साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या कराराची बंधने आहेत, त्यामुळे ‘जंगलातून आणलेले अस्सल’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर मी तिथेच थांबते. या प्रश्नांवर विक्रेता चिडला किंवा लगेच ‘शेवटचे एकच उरले आहे’ म्हणू लागला, तर पुढे बोलण्यात अर्थ नसतो. माल आला की पाकीट उघडतानाच सलग चित्रण करावे, शेवाळ सोडून देठाचे टोक पाहावे आणि थोड्या बिया त्याच दिवशी ओल्या कागदावर ठेवाव्यात. माहितीपत्रकात ‘उघडू नका’ किंवा ‘हलवू नका’ असे लिहिले असेल तर ते अधिकच अगत्याने करावे. तक्रारीची मुदत पाहून तिच्या आत एक लेखी शंका नोंदवून ठेवली, तर नंतर बी उशिरा रुजले तरी आपली बाजू उभी राहते.

माझ्या प्रकरणात ॲपवरून घेतलेल्या बियांचे पैसे परत मिळाले, कारण मोहरीच्या कोंबांची छायाचित्रे मुदतीच्या आत गेली होती. फिलोडेंड्रॉनची तक्रार मुदत टळल्यामुळे फेटाळली गेली. कलमाचे पैसे ॲपबाहेर गेल्यामुळे तिथे तक्रारच घेतली गेली नाही. पैसे ज्या बँकेतून गेले तिच्याकडे आणि ऑनलाइन फसवणुकीची नोंद घेणाऱ्या पोलिसांकडे मी संभाषणाच्या प्रतींसह अर्ज दिला आहे, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. विक्रेत्याने माझा क्रमांक बंद केला. त्यानंतर तेच माहितीपत्रक, त्यातल्या त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह, एका वेगळ्या नावाच्या दुकानाने निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांसोबत पाठवल्याचे एका मैत्रिणीने दाखवले. त्यातही बिया सहा आठवडे फ्रीजमध्ये ठेवायला सांगितले होते.