मारुती 800 चा क्लच घरी बदलला, त्यानंतरचे आठ महिने

माझी मारुती 800 ही 2006 ची, चार गिअरची गाडी आहे. गेल्या डिसेंबरात मी तिचा क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-सोडवणारा भाग, घराच्या अंगणात, भाच्याच्या मदतीने बदलला. त्यानंतर गाडी सुमारे सहा हजार किलोमीटर चालली असून नागपूरचा मे महिना आणि निम्मा पावसाळाही तिने पाहिला आहे, म्हणून आता हा अनुभव लिहितो आहे.

जुना क्लच संपत आल्याची पहिली खूण सेमिनरी हिल्सच्या चढावर मिळाली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढे, वेग मात्र तेवढाच राही, आणि वर पोहोचेपर्यंत जळका वास येई. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवे होते, ते चालूच राहिले. उघडल्यावर क्लच प्लेटचे अस्तर, म्हणजे पकड देणारा थर, ते धरून ठेवणाऱ्या रिव्हेटांपर्यंत झिजलेले दिसले. अस्तर झिजते तशी पेडलची मोकळी चाल (क्लच सुटू लागण्याआधी पेडल सहज दबते तेवढे अंतर) कमी होत जाते आणि पेडलला क्लचशी जोडणारी केबल वेळच्या वेळी सैल केली नाही तर क्लच पूर्ण पकडतच नाही. मी वर्षानुवर्षे त्या केबलकडे पाहिले नव्हते, याची मला खंत आहे.

क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग आणि केबल हे सर्व एकदमच नवे घेतले. गिअरबॉक्स उतरवण्यातच पहिला दिवस गेला. बॅटरीची तार सोडणे, गिअर ऑइल काढणे, स्टार्टर आणि दोन्ही ॲक्सल (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे) बाहेर घेणे, इंजिनाला खालून लाकडी ठोकळा व जॅकचा आधार देणे, ही कामे अवघड नाहीत, पण एकट्याने करण्यासारखीही नाहीत. गाडी जॅक स्टँडवरच ठेवावी. विटांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आतली काळी धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते.

खरा कस लागला तो सेंटरिंगला. प्लेट फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या जड चाकाच्या, बरोबर मध्यावर बसली नाही, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांतून आत जात नाही. सेंटरिंगचे टूल लावून, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळले, तेव्हा कुठे गिअरबॉक्स जागेवर सरकला.

फ्लायव्हीलमागच्या क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) ऑइल सीलला, म्हणजे तेल अडवणाऱ्या कडीला, ओल दिसत होती, म्हणून ते सील त्याच वेळी बदलले. तेथून आलेले तेल नव्या प्लेटवर उतरले असते, तर सगळी मेहनत वाया गेली असती. ॲक्सलच्या सीलबाबत मात्र मी हा विचार केला नाही. जुनी सील चांगली दिसली म्हणून तशीच ठेवली आणि फेब्रुवारीत अंगणातल्या फरशीवर गिअर ऑइलचे थेंब दिसू लागले. पुन्हा ऑइल काढून, ॲक्सल उतरवून काम करण्यात अर्धा दिवस गेला. ॲक्सल निघालेच आहेत तर दोन्ही सील बदलूनच टाकावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

सुरुवातीचे तीन-चारशे किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना किंचित थरथर जाणवत होती; अस्तर बसल्यावर ती गेली. रिव्हर्स गिअर आता आवाज न करता पडतो. मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडच्या गर्दीत वारंवार क्लच दाबावा लागला, तरी वास आला नाही. जुलैत चार माणसे घेऊन रामटेकच्या गडमंदिराचा चढ चढलो, तेव्हा मुद्दाम लक्ष ठेवले होते. क्लच एकदाही घसरला नाही.

हजार किलोमीटरनंतर नवी केबल थोडी ताणली गेली होती, ती एकदा जुळवून घेतली. आता दर तीन महिन्यांनी पेडलची मोकळी चाल पट्टीने मोजून वहीत लिहितो, आणि पेडलवर पाय टेकवून गाडी चालवण्याची जुनी सवयही सोडली आहे.