सुट्या पनीरचा संशय: स्वतः तपासणी करवून घ्यावी की तक्रार द्यावी?

नागपूरच्या बाजारातून आणलेले सुटे पनीर किंवा खवा पामतेलाचा असावा असा संशय आल्यास ग्राहकापुढे दोन मार्ग उरतात. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करवून घेता येते, किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देता येते. घरची आयोडीनची चाचणी येथे पुरेशी नाही, कारण निळ्या रंगाने पिष्ट (स्टार्च) कळते, पामतेल कळत नाही.

मी दोन्ही मार्ग अनुभवले आहेत. कलम ४० ची बाजू भक्कम आहे: नमुना सदोष ठरल्यास शुल्क परत मिळते आणि विश्लेषकाला तो अहवाल पुढील कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भागातील अन्नसुरक्षेचे प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवावा लागतो. मला खुपली ती त्यातील एकच अट. माल तपासणीसाठी नेत आहोत हे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. विक्रेत्यावर अन्याय होऊ नये हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. परंतु आमच्या भागातील एका दुकानात मी तसे सांगताच परातीतले पनीर बाजूला राहिले आणि आतल्या फ्रिजमधून बंद पाकीट पुढे आले, तर दुसऱ्या दुकानात परात भरलेली दिसत असताना माल संपल्याचे सांगण्यात आले. ज्या मालाबद्दल शंका होती, तो प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलाच नाही.

तक्रारीवरून येणाऱ्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला विक्रेत्याला असे टाळता येत नाही. तो समोरच्याच मालाचा नमुना घेतो, त्याचे चार भाग मोहोरबंद करतो आणि गरज भासल्यास साठाही जप्त करू शकतो. पनीरच्या कोरड्या अंशात किमान ५० टक्के दुधाची स्निग्धता हवी. माल कमी दर्जाचा ठरल्यास ५ लाखांपर्यंत, मिथ्याछाप (खोट्या नावाने किंवा लेबलने विकलेला) ठरल्यास ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि असुरक्षित ठरल्यास प्रकरण तुरुंगवासापर्यंत जाते. वनस्पती तेलाचा पर्यायी पदार्थ विकण्यास बंदी नाही. तो पनीर म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

अधिकारी येईपर्यंत संशयित माल विकला गेलेला असू शकतो, ही या मार्गातील उणीव मी नाकारत नाही. म्हणूनच तक्रारीत दुकानाचा पत्ता आणि परवान्याचा १४ अंकी क्रमांक यांच्याबरोबरच माल कोणत्या वेळी उतरतो हेही लिहावे. बॅच क्रमांक छापलेल्या बंद पाकिटासाठी कलम ४० कदाचित अधिक सोयीचे ठरेल. सुट्या मालासाठी मात्र मी तक्रारच देईन.