टाके सोडणारी मशीन आणि कापड पेठेजवळचे मिस्त्री

सांगलीत शिलाई मशीन दुरुस्तीला कुणाकडे न्यायची, असं बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहिते. कापड पेठेच्या मागच्या बोळात एक मिस्त्री बसतात. दुकानाला बोर्ड नाही. बाहेर गंजलेलं स्टँड उभं दिसलं की तेच समजायचं.

माझी मशीन सासूबाईंची, काळी, पायाची. मी घरीच ब्लाउज शिवते. सुतीवर ठीक चालायची, पण सिल्कचं अस्तर घेतलं की टाके सोडायची, वर दोराही तुटायचा. दुसऱ्या एका दुकानात नुसती मशीन बघूनच 'शटलचा (खाली हलून टाका घालणाऱ्या भागाचा) पूर्ण सेट बदला' म्हणाले होते. या काकांनी आधी सुई काढली. "ताई, ही 16 नंबर आहे. सिल्कला 11 लावा, सुतीला 14. आणि गोल दांड्याची सुई कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, ती कारखान्याच्या मशीनची. घरच्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूनं चपटा असतो."

मग कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवरची पट्टी उघडली. खाली दोऱ्याची बारीक लव तेलात भिजून नमद्यासारखी घट्ट बसली होती. ती चिमट्यानं सोलून काढली. शटल हातात घेऊन टोकावरून नख फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. बारीकशी खरखर लागली. सुई कधीतरी तिथं आपटली असणार, दोरा तिथंच अडकून तुटत होता. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं ते टोक त्यांनी इतकं हळू घासलं की मला वाटलं, आज काही घरी जात नाही. शेवटी बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ बसते ती डबी, दोऱ्याला धरून लोंबती सोडली. हाताला हलका झटका दिला की केस बोटभर खाली यायची आणि थांबायची. घसरत सुटली तर केसचा स्क्रू सैल, जागची हललीच नाही तर फार घट्ट. ही परीक्षा मी आता घरीच करते. सगळ्याचे 300 रुपये झाले, पार्ट एकही बदलला नाही.

तेलाबाबत मात्र काका कडक आहेत. खोबरेल घातलेली मशीन आली की आधी बोलणी, मग रॉकेलनं धुणं. खोबरेल थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होऊन बसतं. मशीनचंच पातळ तेल घ्या, भोकात एकेक थेंब टाका, चाक फिरवा, मग चिंधीवर थोडं शिवून जादा तेल काढा, नाहीतर पहिल्याच ब्लाउजवर डाग. 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, त्यानंतर यांच्या दारात मशिनींची रांग लागली होती. आमच्या जाऊबाईंचीही त्यात होती. गाळ साध्या पाण्यानं धुऊन, रॉकेल मारून, वाळवून, तेल पाजून चालू केली. फळी फुगून गेली ती गेलीच. मोटर लावलेल्यांना ते एकच सांगत होते, वाळल्याशिवाय प्लग लावू नका.

आता तक्रारी. वेळेचा पत्ता नाही. 'उद्या या' म्हणजे कधीही. लग्नसराईत तर जाऊच नका. पावती मागितली तर वहीचं पान फाडून देतात, गॅरंटी तोंडी. झिगझॅगच्या, डिजिटल मशिनींना हातच लावत नाहीत, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतात. मला ते आवडलं, पण लांबून मशीन उचलून आणलेल्या बाईला नाही आवडणार.

तेव्हा जाण्याआधी विचारून घ्या. स्टँड न्यायची गरज नाही. मागच्या बिजागरीचे दोन स्क्रू सैल केले की हेड, म्हणजे वरची मशीन, सुटतं, रिक्षात मावतं. बॉबिन, केस आणि ज्या कापडावर मशीन त्रास देते त्याचा तुकडा सोबत न्या. काका त्याच तुकड्यावर शिवून दाखवतात.